बाई, तुमचा सम्राट पेठेत पोचला

बाई,

तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले, आणि व्याख्यानमालेच्या सचिवांचा सकाळपासून तिसरा फोन येऊन गेला. पुढच्या शनिवारी तुमचं दुसरं व्याख्यान ठरलेलं आहे. सभागृह घेतलेलं आहे, लोकांना कळलेलं आहे, पत्रक माझ्याच संगणकावर जुळवून तयार आहे. फक्त वक्त्याच्या नावाची जागा कोरी आहे. "तुमच्याइतकं बाईंचं पुस्तक कुणाला पाठ आहे? तुम्हीच बोला," असं ते म्हणतात. मी म्हटलं, संध्याकाळी सांगतो. आता तुम्हीच सांगा, काय सांगू? मी लग्नाच्या, मुंजीच्या, बारशाच्या निमंत्रणपत्रिकांची अक्षरजुळणी करणारा माणूस, आणि विषय काय, तर दीड हजार वर्षांपूर्वीचा जपानचा सम्राट! बाप्पा!

तुम्ही दुकानात पहिल्यांदा आलात तो दिवस आठवतो का? नारायण पेठेत खोली घेऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. तुम्ही कापडी पिशवी छातीशी धरून दारात उभ्या राहिलात आणि विचारलंत, "मालक आहेत का?" मी म्हटलं, मीच. तुम्ही मला वरून खालपर्यंत पाहिलंत. "असं? मग दिवा लावा, काही दिसत नाही." वीस वर्षांत मला एवढं झोंबणारं आणि एवढं आपलं वाक्य दुसरं कुणी बोललं नाही. त्या काळात पेठेतलं प्रत्येक गिऱ्हाईक तोच प्रश्न विचारायचं. यवतमाळकडचा माणूस, बोलण्यात 'काहून' येतं, म्हणजे हा कामाला असणार आणि मालक जेवायला गेले असणार, असा सगळ्यांचा समज. फरक एवढाच की बाकीचे मालकाची वाट बघत उभे राहायचे. तुम्ही खुर्ची ओढून बसलात.

पिशवीत शंभरेक हाती लिहिलेली पानं होती. कॉलेजात जपानी शिकवण्याची नोकरी नुकतीच संपली होती तुमची. मी पहिल्या पानावर नजर टाकली आणि विचारलं, हा केइताई कोण? तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "माझ्याच वयाचा आहे. अठ्ठावन्न."

मग सांगत बसलात. यामातो म्हणजे जपानच्या राजांचा जुना मुलूख, तिथला सम्राट वारस न ठेवता गेला. सरदारांनी आधी एक राजपुत्र शोधला, तर तो आपल्याकडे सैन्य येताना बघून घाबरला आणि डोंगरात पळून गेला. तुम्हाला हे सांगताना इतकं हसू येत होतं की वाक्य पुरं होईना. मग सरदार गेले उत्तरेला, एचिझेन नावाच्या लांबच्या प्रांतात. तिथं राजघराण्याच्या पाचव्या पिढीतला एक माणूस राहत होता, आईच्या माहेरी वाढलेला. तो पळाला नाही. शांत बसून राहिला. पण त्याला यांचा भरवसाही वाटेना. फसवून नेतील, वर हसतील, अशी धास्ती. तेव्हा त्याच्या ओळखीच्या एका घोडेवाल्यानं, आराकोनं, गुपचूप निरोप पाठवला की सरदारांच्या मनात काळंबेरं नाही, खुशाल या. दोन दिवस आणि तीन रात्री विचार करून तो निघाला. आणि म्हणाला काय, तर घोडेवाल्याचा निरोप आला नसता तर जग मला हसलं असतं. "आता बोला," तुम्ही म्हणालात, "तेराशे वर्षांपूर्वीच्या जपानी बखरीत एका घोडेवाल्याचं नाव टिकलंय. आमच्या कॉलेजात शिपायाचं नाव आम्हाला येत नव्हतं."

त्या दिवशी तुम्ही मला जिंकलंत हे कबूल करतो. तोंडावर केलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, पुरे.

मग आपलं ते जोडीचं वाचन सुरू झालं. दुपारी एक ते चार पेठ झोपते, तेव्हा मी शटर अर्धं ओढायचो. मी पडद्यावरचं मोठ्यानं वाचायचं, तुम्ही हातातल्या कागदावर बोट ठेवून ताडून बघायचं. चिन्हांसकट वाचा, हा तुमचा हुकूम. 'सरदार उठले स्वल्पविराम घोडे जोडले स्वल्पविराम आणि उत्तरेला निघाले पूर्णविराम'. एक चिन्ह गिळलं की तुमचा टाक टेबलावर वाजायचा. समोरच्या मेसवाल्याला कित्येक महिने वाटत होतं की आपण दोघं कसलं तरी पारायण करतो.

आठ महिने ते कागद एका प्रकाशकाकडे पडून राहिले आणि एका ओळीची चिठ्ठी लावून परत आले. 'विषय दूरचा आहे.' तुम्ही ती चिठ्ठी वाचलीत, घडी केलीत आणि म्हणालात, "बरोबर आहे. जपान लांबच आहे." मला वाटलं, झालं, हसून सोडलंत. पण पुढच्या आठवड्यात तुम्ही आलात ते पहिल्या प्रकरणापासून सगळं नव्यानं लिहायचं म्हणून. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. कुणाला दाखवू या म्हटलं की तुमचं ठरलेलं उत्तर, अजून झालं नाही. मला कळत नव्हतं का? तुम्हाला दुसऱ्या चिठ्ठीची भीती वाटत होती, बाई. शनिवार पेठेतून रोज दुपारी उन्हातून चालत येणारी, बँकेच्या साहेबापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना सरळ करणारी बाई एका ओळीला घाबरत होती. मला तुमचा राग यायचा. खरंच यायचा.

आणि आपलं भांडण! केइताई सम्राट झाला तो यामातोच्या बाहेर, नदीकाठी. तिथून दुसरी राजधानी, मग तिसरी, तीही बाहेरच. यामातोत त्याचं पाऊल पडलं विसाव्या वर्षी. का, ते बखर सांगत नाही. आणि बखर सांगत नाही म्हटल्यावर आपण दोघं कशाला गप्प बसतोय!

माझं म्हणणं पहिल्यापासून एकच. त्याला शिरू दिलं नाही. बाहेरचा माणूस, बोली वेगळी, आईकडचा गोतावळा वेगळा. जुन्या घराण्यांनी तोंडावर मुजरा केला असेल आणि पाठीमागं दारं लावून घेतली असतील. तुम्ही म्हणायचात, "काहीतरीच. बखरीच्या एका प्रतीत वीस नाही, सातच वर्षं दिलीत हे सोयीनं विसरू नका. आणि तो अडला नव्हता, गेलाच नाही. नदी त्याच्या हातात, नावा त्याच्या, घोडे त्याचे, समुद्रापलीकडच्या राज्यांचा रस्ता त्याच्या अंगणातून. त्याला कसली घाई?"

"बाई, मला विचारा. मी नारायण पेठेत राहून दाखवलंय."

"आम्ही पेठेतली माणसं कुणाला अडवत नाही हो."

"अडवत नाही. विचारत नाही."

त्यावर तुम्ही कागदावर बोट ठेवलंत. मग म्हणालात, "पुढचं वाचा." दुसऱ्या दिवशी डब्यात माझ्यासाठी थालीपीठ होतं, पण माघार नव्हती.

एकदा मी वाचताना 'काहून' म्हणून गेलो आणि ओशाळलो, तेव्हा तुम्हीच दटावलंत. "लाजता काय? तो यामातोत गेला तेव्हा एचिझेनचंच बोलत असणार. दरबारानं कान टवकारले असतील. टवकारू देत." बाई, त्या एका वाक्यासाठी मी तुमची दहा प्रकरणं फुकट जुळवली असती.

वीस वर्षं अशी गेली. तुमचा दम कमी झाला. शनिवार पेठेतून यायला दहा मिनिटं लागायची तिथं अर्धा तास लागायला लागला. दारात उभं राहून आधी श्वास घ्यायचात, मग मला नावं ठेवायचात. आणि कागद अजून पिशवीतच. मी मनाशी म्हणायचो, ही बाई अशीच जाणार आणि तो बिचारा नदीकाठी बसून राहणार.

आणि मग गेल्या वर्षी व्याख्यानमालेचे सचिव पत्रकाचं काम घेऊन आले ते तोंड पाडून. इतिहासाच्या मोठ्या प्राध्यापकांनी ऐन वेळी कळवलं होतं, परदेशी जातोय, जमणार नाही. एक संध्याकाळ रिकामी. मी काय केलं ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हाला न विचारता तुमची तीन प्रकरणं छापून त्यांच्या हातात ठेवली. दोन दिवसांनी ते परत आले ते खुर्चीत न बसताच. "या बाई कोण? कुठं राहतात? आणि आजवर होत्या कुठं?" मी म्हटलं, इथून दहा मिनिटांवर.

तुम्ही ऐकून घेतलंत. चेहरा असा कोरडा केलात की आता काय म्हणताय ते नीट ऐकू यावं म्हणून मी पंखा बंद केला.

"प्राध्यापक आले नाहीत म्हणून मला बोलावतायत. म्हणजे मी बदली."

खोटं बोलता आलं असतं. ओठांवर आलंही होतं की नाही हो, तुमचंच नाव पहिलं होतं. पण तुम्हाला खोटं लगेच कळायचं. म्हटलं, "हो, बदली. पण तीन प्रकरणं वाचून त्यांचा चेहरा बदलला ते मी या डोळ्यांनी बघितलंय. त्यांच्या मनात काही वाकडं नाही. आणि बाई, तुमचा सम्राट कोण होता हो? पहिला डोंगरात पळाला म्हणूनच त्याला बोलावलं ना?"

तुम्ही पिशवी उचललीत आणि निघून गेलात. दोन दिवस फिरकला नाहीत. मला वाटलं, संपलं, वीस वर्षांचं नातं मी माझ्या हातानं बुडवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडतोय तर तुम्ही दारात. दम लागलेला. "येते म्हणावं. बखरीत दोन दिवस आणि तीन रात्रीच लागल्या होत्या. मी जास्त घेतल्या तर बरं दिसणार नाही."

ती संध्याकाळ! बाई, काय सांगू, तुम्ही स्वतः होतात तरी तुम्ही ती बघितली नाहीत, कारण तुम्ही टेबलाकडेच बघत होतात. मी बघितली. सहाच्या कार्यक्रमाला पावणेसहाला निम्मं सभागृह भरलं होतं. मागच्या तीन रांगा तुमच्या विद्यार्थ्यांच्या, हिंजवडीहून अर्धी रजा टाकून आलेली, आता चाळिशी ओलांडलेली पोरंपोरी, गळ्यात अजून ऑफिसचे पट्टे. पुढं पेठेतले ते नेहमीचे आजोबा, जे व्याख्यानाला चुका काढायला येतात. तुम्ही उभ्या राहिलात आणि म्हणालात, "आज ज्यांना ऐकायला आलात ते परदेशी गेलेत. मी जो आणलाय तोही परदेशीच आहे." सभागृह जे हसलं ते तुमचंच झालं. तासभर कुणी खोकलं नाही. राजपुत्र डोंगरात पळाला तेव्हा टाळ्या पडल्या. घोडेवाल्याचा निरोप आला तेव्हा पहिल्या रांगेतले आजोबा शेजारच्याला म्हणाले, "बघा, काम कोण करतंय."

मग तुमचा श्वास अडकला. सम्राट तिसऱ्या राजधानीत होता आणि तुम्हाला पुढचं पान वाचवेना. मला वाटलं, पाणी आणावं, पंखा आणावा. तुम्ही नुसता हात केलात, या, वाचा. तीनशे माणसांसमोर! मी उठून गेलो, कागद धरला आणि सवयीनं सुरू केलं. 'नदीला पूर आला होता पूर्णविराम सम्राट नावेत चढला स्वल्पविराम'. मला कळलंच नाही. सभागृह हसायला लागलं तरी कळेना. कळलं तेव्हा वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. एवढी वर्षं 'मालक कुठंयत' ऐकलं होतं, पण तीनशे जण एकदम हसलेले कधी ऐकले नव्हते.

तुम्ही ध्वनिक्षेपक ओढून घेतलात. दम नव्हता तरी आवाज निघाला. "हसा खुशाल. हे पुस्तक वीस वर्षं असंच वाचलं गेलंय. यातला एकही स्वल्पविराम चुकलेला सापडणार नाही, तो यांच्यामुळे. गजाननराव, चिन्हांसकट चालू द्या." आणि टाळ्या, बाई! मी चिन्हांसकट पान संपवलं. शेवटी तुम्ही सम्राटाला यामातोच्या वेशीवर नेऊन उभं केलंत आणि म्हणालात, "पुढचं पुढच्या वेळी." लोक उठेचनात. एका बाईंनी ओरडून विचारलं, "अहो, निदान शिरला का तेवढं तरी सांगा!" तुम्ही चष्मा काढलात आणि म्हणालात, "मला बोलवा, सांगते." चौथ्या मिनिटाला सचिवांनी दुसऱ्या व्याख्यानाची तारीख मागितली.

दुसऱ्या दिवसापासून मला पेठेत चालणं मुश्कील झालं. दूध आणायला जावं तर दूधवाला विचारतो, "तुमच्या जपान्याचं काय झालं?" न्हाव्याच्या दुकानात दोन गट. एक म्हणतो त्याला अडवला, दुसरा म्हणतो तोच गेला नाही. मी तिथं बसून आपलं भांडण दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं. 'विषय दूरचा आहे' म्हणणाऱ्याला तिथं नेऊन खुर्चीत बसवावंसं वाटलं, दाढीच्या फेसासकट.

मग तुम्ही शेवटचं प्रकरण दिलंत. वाचता वाचता एका परिच्छेदाशी आलो. 'माझ्या एका मित्राचे मत असे आहे की सम्राट गेला नाही असे नसून त्याला येऊ दिले गेले नाही. त्यांनी हे पुस्तकात वाचलेले नाही, सोसलेले आहे. मला ते पटत नाही. पण मला ते खोडताही येत नाही.' मी तसाच पुढच्या ओळीवर गेलो. तुम्ही टाक वाजवलात. "पूर्णविराम गिळलात." मी पुन्हा वाचलं. बाई, त्या वेळी मला तुमचे पाय धरायचे होते. मी मान खाली घालून पुढचं पान उघडलं, आणि हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं.

आपणच छापायला टाकलेलं पुस्तक बांधून आलं, ते तुम्ही दवाखान्यात बघितलंत. नाकात नळी होती तरी अर्धा तास पानं उलटत होतात. "एकशे बाराव्या पानावर एक अनुस्वार गेलाय," तुम्ही म्हणालात. "एकच. सुधारलात." मग उशीला टेकून मला म्हणालात, "त्या शनिवारी मी नसले तर तुम्ही सांगा." मी चिडलो तुमच्यावर. म्हटलं, असलं काही बोलायचं नाही, तुम्हीच येणार आहात, रिक्षा सांगून ठेवलीय. तुम्ही डोळे मिटून हसलात. "तो ब्याऐंशी जगला. मी एकोणऐंशीतच आवरतेय. हिशेबात तो पुढं गेला बघा." माझं ते चिडणं तुमच्याबरोबरचं शेवटचं बोलणं ठरलं. असं कुणी करतं का हो?

अकरा दिवस मी हेच धरून बसलोय की मला जमणार नाही. मी शिकलेला नाही, मला जपानी येत नाही, मी वाचायला लागलो की लोक हसतात. आज दुपारी शटर अर्धं ओढून एकटाच बसलो आणि शेवटचं प्रकरण मोठ्यानं वाचलं. समोर कुणी नव्हतं. एकदाही अडखळलो नाही. पहिलं वाक्य वाचलं की पुढचं आपोआप तोंडात येत होतं, तुमच्या आवाजात येत होतं. तेव्हा मला कळलं की हे दुसऱ्या कुणाला सांगू दिलं तर मी स्वतःला तोंड दाखवू शकणार नाही.

इथवर लिहून झालं, आणि पाच वाजता सचिवांना मीच फोन लावला.

"बोला. कोण बोलणार?"

"मी."

"ठरलं? नाव काय घालू? मागं काही पदवी वगैरे?"

"काही नको. नुसतं गजानन ढोके."

"बरं. आणि बाहेर लोक विचारतायत, बसायला जागा मिळेल का? मी आतल्या खुर्च्या वाढवायला सांगितल्यात."

बाई, फोन ठेवला आणि मी रडलो. अकरा दिवसांत पहिल्यांदा, आणि दुःखानं रडलो असंही नाही. ही माणसं माझ्यासाठी येणार नाहीत, आणि खरं सांगायचं तर तुमच्यासाठीसुद्धा येणार नाहीत. दीड हजार वर्षांपूर्वीचा एक उत्तरेकडचा माणूस आपल्या राजधानीत शिरला की नाही, हे ऐकायला पुण्यातली माणसं शनिवारी संध्याकाळी घरातून निघणार आहेत. आधी तुमचं म्हणणं मांडीन, मग माझं, कुणाचं खोडणार नाही. आणि त्या मागच्या वेळच्या बाई पुन्हा उठून विचारतील, तेव्हा मी छातीठोक सांगणार आहे की हो, शिरला.